आर्लिसच्या बोटीला गाडी हवी

लाँग पाइन तळं, मिनेसोटा
४ एप्रिल १९९३

ति. व्हर्नाताईस आर्लिसचा सा. न. वि. वि.

आणि तो ट्रॉय स्वतःला समजतो कोण? जावई आहे, बाप नाही माझा. काल माझ्याच स्वयंपाकघरात बसून, माझीच कॉफी ढोसत मला म्हणाला, की मम्मी, ड्वेनपप्पा गेल्यापासून दोन उन्हाळे ती पॉन्टून बोट शेडमध्ये पडून आहे, तुमच्या स्टेशन वॅगनला ती ओढवत नाही, आणि वर्षातून दोनदा बोट ओढायला कोणी गाडी विकत घेत नाही, तेव्हा बोट विकून टाकू. मी म्हटलं, विकायचंच असेल तर तुझी मोटारसायकल वीक, ती तर वर्षातून एकदाच चालते. लिनेट तोंडावर हात ठेवून हसली, पण बाजू नवऱ्याचीच घेतली.

बोट हे निमित्त आहे गं. आधी बोट जाईल, मग तिचा धक्का, मग घर, आणि मग मी फार्गोला त्यांच्या मागच्या खोलीत, खिडकीतून पार्किंग बघत बसलेली. तिथे मी आठ दिवसांत कुणाचा तरी जीव घेईन, बहुतेक ट्रॉयचाच. भांडभांड भांडून एवढं कबूल करून घेतलंय: ८ मेला फार्गोहून गिऱ्हाईक येतंय. ते पोचायच्या आत मी माझ्या गाडीने बोट पाण्यात उतरवली तर बोट माझी, घर माझं, विषय बंद. नाही उतरवली तर ते म्हणतील तसं.

तर भावजींना विचार, गाडी कोणती घेऊ? त्यांनी जन्मभर गॅरेज चालवलंय. बोट तुम्हाला माहीत आहे, दोन ॲल्युमिनियमची नळकांडी आणि वर कठडा, बाकं, छत. म्हणजे घराचा पोर्चच चाकांवर ठेवून ओढायचा. शेजारचा ऑरिन स्टेनरूड, शाळेत बँड शिकवायचा तो, म्हणतो की पिकअप घ्या. पण त्याला काय कळतंय? त्याची स्वतःची गाडी बुटाच्या खोक्याएवढी. ऑरिन म्हणतो तळ्यावरचा बर्फ या महिनाअखेर जाईल. ते मात्र त्याला कळतं.

माया आहे तेवढी राहू दे, उपदेश थोडा कमी कर.

तुझी
आर्लिस


मेसा, ॲरिझोना
११ एप्रिल

चि. आर्लिस हिस व्हर्नाचे अ. उ. आ.

पत्र वाचताना शेजारणीलाही तुझा आवाज ऐकू गेला असेल. कमी उपदेश माग, पण एक ऐकच. ट्रॉयचं सगळंच चूक नाही. सहा महिने बर्फ, जवळचं दुकान मैलावर, आणि तू एकटी. इकडे ये. इथे जानेवारीत अंगणात संत्री लागतात. मी सहा वर्षांत एकदाही तिकडे फिरकले नाही आणि मला काही झालेलं नाही.

गॉर्डी मात्र तुझ्याच बाजूचा. तुझं पत्र घेऊन गॅरेजमध्ये गेला तो जेवायलाच आला. त्याचा निरोप जसाच्या तसा देते. पुढच्या चाकांना जोर असलेली गाडी घेऊ नकोस. उतारावर मागे बोट लटकली की पुढची चाकं हलकी होतात आणि ओल्या शेवाळावर नुसती फिरत बसतात. जोर मागच्या चाकांना हवा. गाडी आखूड नको, नाहीतर वाऱ्यात बोटच गाडीला इकडून तिकडे नाचवेल. लांब हवी, जड हवी, इंजिन मोठं हवं, आणि जुनी असेल तर आधीच्या मालकाने ती दामटलेली नको. शिवाय बोटीचं छत मिटून, बांधून मगच रस्त्याला लागायचं. एवढं सगळं असलेली गाडी मिळाली तर मलाही कळव म्हणतो.

आणि आता माझा प्रश्न. एका पानात तू ऑरिनचं नाव दोनदा लिहिलंस आणि त्याच्या बायकोचं एकदाही नाही. तिला जाऊन चार वर्षं झाली ना? मी आपलं सहज विचारते.

जपून राहा, आणि रागाच्या भरात काही विकत घेऊ नकोस.

तुझी ताई
व्हर्ना


लाँग पाइन तळं
२५ एप्रिल

ति. ताईस आर्लिसचा नमस्कार. वि. वि.

घेतली! घेतली, ताई! बसलेली असशील तर वाच, उभी असशील तर आधी बस.

फर्गस फॉल्सला गेले होते गाड्या बघायला. ऑरिनला तिकडे ट्रॉम्बोन दुरुस्तीला द्यायचा होता म्हणून तो बरोबर होता. म्हणूनच होता, लगेच भुवया उडवू नकोस. पहिला पिकअप एवढा उंच, की विकणाऱ्या पोराने मला चढायला दुधाचा क्रेट आणून दिला. मी विचारलं, हा क्रेट गाडीबरोबर फुकट का? चढले, तर पाय ब्रेकपर्यंत पोचेनात. दुसरी जीप. भावजींनी सांगितलं तश्शी आखूड. तिसरी व्हॅन, पोरांना शाळेत सोडायची असते ती. तो पोरगा म्हणाला ही पॉन्टून आरामात ओढेल. ऑरिन तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, हो, तसंही करता येईल. आपल्याकडे याचा अर्थ काय होतो ते तू विसरली नसशील. म्हणजे मेलं तरी करू नका. मग तो पोरगा ऑरिनला म्हणाला, तुमच्या मिसेसना लाल रंग आवडेल. आम्ही दोघंही गाडीच्या टायरकडे बघत राहिलो.

घरी परतताना नॉर्डलंडच्या दारापुढे थांबलो. मिल्टन नॉर्डलंड, आपल्या गावातली मयतं बघतो तो. त्याने नवी शववाहिनी आणलीय आणि जुनी अंगणात पाटी लावून उभी. मी नुसतं बघायला उतरले. ताई, भावजींचं पत्र वाचूनच जणू ती कुणीतरी बनवली! लांब आहे, जड आहे. इंजिन बैलासारखं. जोर मागच्या चाकांना. बसायला बुटकी, माझे पाय थेट ब्रेकवर. आणि मिल्टन म्हणतो, हिला आजवर कुणीही दामटलेलं नाही, हिच्यातल्या कुठल्याच गिऱ्हाइकाला घाई नव्हती. ऑरिन हे ऐकून पायरीवर बसला आणि डोळे पुसेपर्यंत हसला. तो माणूस एवढा हसू शकतो हे मला इतकी वर्षं शेजारी राहून माहीत नव्हतं.

जांभळे पडदे मी तसेच ठेवलेत. मागे फरशीवर पेटी सरकवायचे रूळ आहेत, ते मासे पकडायचे गळ ठेवायला छान. बोट अडकवायचा लोखंडी गोळा शनिवारी बसतो. लिनेटला फोनवर सांगितलं. मागून ट्रॉय ओरडत होता की मम्मीचं डोकं फिरलंय. फिरू दे. ८ मेला मी उतारावर असेन.

भावजींना सांग, सगळं आहे तिच्यात. तुला राग आलाच तर तो पोस्टाने पाठव, इथे फोनवर नको.

आर्लिस


मेसा
१० मे

चि. आर्लिस हिस आशीर्वाद.

काय झालंय तिकडे? काल तुमच्या गावातल्या डोलोरेसचा फोन आला. रडत होती. म्हणाली मयताची गाडी तू स्वतः चालवत होतीस, सगळं गाव मागे होतं, पास्टर पुस्तक घेऊन उभा होता. कोण गेलं विचारलं तर म्हणाली, ऑरिन. मग म्हणाली, म्हणजे नाही. मग म्हणाली, मी पाण्यात बसले. आणि फोन ठेवला. तुला फोन लावतेय तर तुझा सारखा एंगेज.

गॉर्डीने काळा सूट काढून ठेवलाय. तू बरी आहेस ना? कोण मेलंय? तेवढं तरी लिही, बाई.

तुझी काळजीत पडलेली ताई


लाँग पाइन तळं
१४ मे

श्रीमती व्हर्ना यांस, ऑरिन स्टेनरूडचा स. न. वि. वि.

आपलं पत्र आलं तेव्हा आर्लिसबाईंचे हात पिठात होते, म्हणून त्यांनी मला मोठ्याने वाचायला लावलं. शेवटच्या प्रश्नाशी मी थोडा अडखळलो.

मी बरा आहे. जेवणही व्यवस्थित चाललंय, थोडं जास्तच. बाकी हकीकत त्याच लिहितील, त्यांना ती माझ्यापेक्षा चांगली सांगता येते. गॉर्डी यांना सांगावे की गाडीची निवड उत्तम होती.

आपली ओळख पत्रातून झाली, ती पुढे वाढावी असं मनापासून वाटतं.

आपला
ऑरिन स्टेनरूड


लाँग पाइन तळं
१७ मे

ति. ताईस आर्लिसचा सा. न. वि. वि.

कोणी मेलं नाही. आता शांतपणे वाच.

८ तारखेला, शनिवारी सकाळी बोट जोडली, छत मिटलं, बांधलं. पुढच्या सीटवर बॅटरी आणि पेट्रोलची टाकी, त्यामुळे ऑरिनला बसायला जागा नाही. शिवाय पडद्यांमुळे मला आरशात मागचं काही दिसेना. तर तो म्हणाला, मी मागे पालथा पडून काचेतून गोळ्यावर लक्ष ठेवतो. बूट काढले आणि पडला. पण ते रूळ, ताई! मी ब्रेक मारला की तो सरकत पुढे माझ्या सीटवर आपटायचा, आणि गाडी निघाली की सरकत परत मागच्या दाराशी. प्रत्येक वेळी म्हणायचा, काही हरकत नाही. मी हसून हसून आणखीच वाकडी चालवायला लागले, मग अगदी मुंगीच्या चालीने घेतली.

तर गावातून मुंगीच्या चालीने शववाहिनी चाललीय. समोरून येणारी पहिली गाडी कडेला थांबली. मी म्हटलं, बोट रुंद आहे म्हणून वाट देतोय, भला माणूस. मग ट्रॅक्टरवरचा टोपी काढून बसला. मग धान्याच्या दुकानापुढचे सगळे उभे राहिले. मी हात हलवला. त्यांनी मान खाली घातली. चौकातून वळले तेव्हा खिडकीतून मागे बघते तर मयतामागे लावतात तसे दिवे लावलेल्या गाड्यांची रांग, चर्चपर्यंत! पडद्याच्या फटीतून कुणाला तरी ऑरिनचे मोजे दिसले होते, आणि तो बुधवारी चर्चच्या गाण्याच्या तालमीला आला नव्हता. झालं. दोन्ही जोडून लोकांनी निकाल लावला. आता कुणी एकाने पुढे येऊन विचारावं ना, की बाई, कोण गेलं? छे! असं तोंडावर विचारणं आपल्या लोकांना मेल्याहून वाईट. गुपचूप दिवे लावायचे आणि मागून यायचं. मिल्टन नॉर्डलंडसुद्धा नवी गाडी घेऊन रांगेत! त्याला वाटलं, मी त्याचा धंदा सुरू केला.

उतारावर पोचले तर सगळे टोप्या काढून उभे. पास्टरला वाटलं, आपल्याला कुणी कळवलंच नाही. बिचाऱ्याचं तोंड उतरलेलं, पण आला. मला वाटलं, एवढं गाव माझी बोट बघायला आलंय, म्हणजे ट्रॉयला बरी चपराक! गाडी उलटी घेतली. चाक एकदाही घसरलं नाही, भावजींना सांग. बोट ट्रेलरवरून उचलली गेली, हलकेच, जशी दोन वर्षं याचीच वाट बघत होती. आणि मागे कुणीतरी प्रार्थनेचं गाणं सुरू केलं. तेवढ्यात मागचं दार उघडून ऑरिन मोज्यांवर खाली उतरला आणि विचारतो, सुटली का?

डोलोरेस तिथेच पाण्यात बसली.

आणि ऐक, कुणी हसलं नाही! सगळे म्हणाले, आम्ही आपलं सहज आलो होतो, हवा छान होती म्हणून. पास्टरने पुस्तक कोटाच्या आत सरकवलं. पण बायकांनी मयताच्या घरी न्यायची मांस-बटाट्याची भांडी भट्टीत टाकूनच ठेवली होती, ती आता परत कशी काढायची? त्या संध्याकाळपासून एकेक जण झाकण घातलेलं भांडं दारात ठेवून जातोय. कशाबद्दल ते एकही बोलत नाही. ऑरिन रोज दोन वेळा स्वतःच्या मयताचं जेवण जेवतोय आणि पावासारखा फुगतोय.

फार्गोचं गिऱ्हाईक? ते उतारावर पोचलं, तो टोप्या काढून उभा असलेला सगळा जमाव बघितला, आणि ट्रॉयला म्हणालं, मेलेल्या माणसाची बोट मला नको. तसंच वळून गेलं. ट्रॉय धक्क्यावरून चालत बोटीपाशी आला आणि म्हणाला, मम्मी, मला एकदा चालवू द्याल? मी म्हटलं, आधी बूट काढ.

आता मुख्य. परवा संध्याकाळी आम्ही बोट तळ्याच्या मध्यावर नेली, इंजिन बंद केलं. ऑरिन म्हणाला, माझ्या मयताला एवढी माणसं आली, तर एकदा मी जिवंत असतानाही त्यांना बोलवायला हवं. कशाला, विचारलं. तर पाण्याकडे बघत म्हणाला, म्हणजे तुमची हरकत नसेल तर, लग्नाला. ताई, आपल्याकडे दोनदा नको-नको म्हणायची रीत आहे ते मला माहीत आहे. पण मी बावन्न वर्षांची आहे, मला एवढा वेळ नाही. मी ताबडतोब हो म्हटलं. बिचारा दचकला, पुढची दोन वाक्यं तयार करून आला होता. मी म्हटलं, म्हण ती पण, ऐकते. म्हणाला. चांगली होती.

लग्न १२ जूनला, शनिवारी, बोटीवरच. गाव काठावर उभं राहील, ते त्यांना आता चांगलं जमतं. पण बोटीला पत्र्याची पाटी आहे, आठच माणसं. मी, ऑरिन, पास्टर, त्याची बायको, लिनेट, ट्रॉय. दोन जागा उरतात. मी त्या तुला आणि भावजींना धरल्यात. जूनमध्ये इथे बर्फ नसतो, तेव्हा ते कारण देऊ नकोस. संत्री घेऊन ये. भावजींना सांग, काळा सूट काढलाच आहे तर तोच आणा. माझ्यावर लोभ आहे म्हणतेस ना? मग तो या खेपेस पाकिटात घालून पाठवू नकोस, येऊन समोर बसून कर.

मिल्टन नॉर्डलंड आणि डोलोरेस दोघंही त्या जागांवर डोळा ठेवून आहेत. गुरुवार, २७ मेपर्यंत तुझं हो किंवा नाही माझ्या हातात पडलं पाहिजे. दुपारच्या टपालाने. 'बघते' चालणार नाही.

आर्लिस