बॉबिनची गाठ

सोमवार, ४ मार्च

बॉबिनला गाठ आहे! पुढच्या उजव्या पायावर. अंघोळ घालताना बोटाला लागली. वाटलं गोचीड, ओढणारच होते. नशीब, ओढली नाही. लाल, गोल, वर केसच नाहीत. चार महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू— त्याला कसली गाठ?

आईने मशीन थांबवलं. इतक्या सराईतपणे चाचपलं की मी बघतच राहिले. "हलतेय. दुखत नाही त्याला. राहू दे." मग गळ्यातली टेप काढून मोजली आणि गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत मला लिहायला लावलं— बॉबिन, पाय, अर्धा.

मी म्हटलं, बाही पण शिवतेस का त्याला?

"तोंड चालतं तसे हात चालव. काजं कोण करणार?"

मंगळवार, ५ मार्च

चाटतोय. नेमकं तिथेच. "ए!" म्हटलं की थांबतो. मी वळले की पुन्हा.

नेटवर वाचलं. वाचायला नको होतं.

गुरुवार, ७ मार्च

सव्वा!!

आई गणवेश पोचवायला गेलेली. मीच मोजली. बॉबिनला गुडघ्यात दाबून, तीनदा. सव्वा, सव्वा, सव्वा. सोमवारी अर्धा होती. तीन दिवसांत अडीच पट! दिसते मात्र तेवढीच— म्हणजे आतून पसरतेय?

आई दारातून आत येते न येते तोच अंगावर गेले. "तूच म्हणालीस ना राहू दे! दुखत नाही म्हणे!"

आईने टेप उचलली, माझ्या हातात कोंबली. चार वाजता गिऱ्हाईक येणार होतं, तरी दाराला कुलूप.

"चप्पल घाल."

गुरुवारच, संध्याकाळ

हसू की रडू?

प्राण्यांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती होती, किती झाली? मी धाडधाड सांगितलं. त्यांनी माझ्याकडून टेप घेतली, गाठीला लावली, मग उलटी करून पुन्हा लावली.

"शिवणकाम कोण करतं घरात?"

"आई."

"वाटलंच. तू नाही."

आईने इंचाच्या बाजूने मोजली होती, मी सेंटिमीटरच्या! गाठ होती तेवढीच आहे. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. बॉबिन टेबलावरच मुतला.

म्हणाल्या, लहान कुत्र्यांना होते अशी, बटणासारखी. बहुतेकदा दोन-तीन महिन्यांत आपली आपण जिरते. "पण नुसतं चाचपून कुणाला कळत नाही. मलाही नाही." म्हणून सुई टोचून तपासणीसाठी थोडं काचेवर घेतलं. अचानक वाढली, फुटली, रक्त आलं तर थांबायचं नाही, लगेच आणायचं.

आई मध्येच, "आणि महिनोन्महिने असली तर? दुखत नसेल तर?"

"दुखत नाही म्हणजे साधीच, असं नसतं हो. पण याची तर आठवड्याचीच ना?"

"हो हो. सहज विचारलं."

वाटेत मी टेपवरून स्वतःचीच टर उडवत होते. आई हसलीच नाही. रागावली असेल, मी ओरडले म्हणून.

सोमवार, ११ मार्च

दवाखान्यातून फोन आला. साधी आहे!! जिरेल!! "दर आठवड्याला मोजत राहा. एकाच बाजूने." मी नाचले. बॉबिनने पडद्याचं टोक फाडलं, तरी आई त्याला ओरडली नाही.

गुरुवार, १४ मार्च

बॉबिनचं माप लिहायला वही काढली. मागून उघडली गेली. शेवटच्या पानावर आईचं अक्षर. गिऱ्हाइकाचं नाव नाही. कंबर नाही, बाही नाही. फक्त— डावी छाती, काखेजवळ. खाली तारखा.

ऑक्टोबर, पाव. डिसेंबर, अर्धा. फेब्रुवारी, पाऊण. ७ मार्च, एक.

आईची टेप कधीच उलटी पडत नाही.

बाहेर मशीन चालू आहे. जाऊन सांगते— आई, चप्पल घाल.