चतुराबाईची शेळी आणि काचनळीतलं खळं

शिरड शहापूर, पौष महिना

तीर्थस्वरूप तातेराव दाजी यांस संतरामचा दंडवत. आमी समदे खुशाल. आक्काचा खोकला हटला का? दफ्तरातल्या खुर्चीनं धरलेली तुमची कंबर सुटली का?

तुमी बाजाराच्या दिवशी हैदराबादेला परत गेले, अन् त्याच सांजेला शेजारच्या चतुराबाईची शेळी नाहीशी झाली. माझ्या घोंगडीवर रक्त दिसलं. (चौकटीवर कपाळ आपटलं होतं. पागोटं काढून खोक दाखवली, तर बाई म्हणते, "शेळीनं शिंग मारलं आसंल!") पंचांनी मला पंगतीतून उठवायचं ठरवलं, अन् पोरीचं लग्न तर माघात. घरात चूल पेटंना.

चावडीत डॉक्टर रजाउद्दीनसाहेब उतरलेले आहेत. सरकारी इमदादीच्या पैशावर ते जनावरांच्या रक्तातली प्रोटीन नावाची चीज तपासतात. शेळी, काळवीट, नीलगाय, कोण कोणाचं सोयरं ते त्यावरून कळतं. (पोरीची एक सोयरीक जुळवता आमी थकलो, अन् सरकार हरणांच्या जुळवून राहिलं!) मी त्यांचे पाय धरले.

त्यांच्याकडं दोन ससे. एकाला शेळीच्या रक्ताची सुई दिलेली, दुसऱ्याला माणसाच्या. त्या सशांच्या रक्तावरचं निवळ पाणी साहेबांनी दोन काचनळ्यांत घातलं, वरून माझी घोंगडी भिजवलेलं पाणी सोडलं. ज्याचं रक्त, त्याच्याच नळीत खूण उमटणार. समदं गाव श्वास धरून उभं. शेळीची नळी तशीच निवळ राहिली. अन् दुसरीत, दाजी, दोन पाणी भेटले तिथं हळूहळू पांढरं कडं धरलं, चंद्राला खळं पडावं तसं!

"इन्सान का खून है, बकरी का नहीं," साहेब म्हणाले.

चतुराबाई नळीजवळ गेली. "माझ्या अंगातबी हेच हाय का?"

"हां अम्मा, बिलकुल यही."

तिनं घरून हळद आणली अन् माझ्या खोकेवर दाबली. माझ्या अंगात इतकं खरं बोलणारं काही आहे, हे मला पन्नाशीत कळलं. अजून हात जोडलेलेच आहेत. पत्र कसंबसं लिहून राहिलो.

आक्काला नमस्कार, लेकरांना गोड पापा.

तुमचा,
संतराम

ता. क. सरकारनं साहेबांना विचारलं आहे, ह्यातून फायदा काय? इमदाद बंद होऊन राहिली. तुमी इमदाद देणाऱ्या त्याच दफ्तरात. वरच्यांच्या कानावर आमच्या गावचा फायदा घाला.

ता. क. दुसरा. शेळी सापडली न्हाई. चतुराबाईला आता आठवलं की त्या दिवशी तुमी भरली पिशवी घेऊन घाईनं निघाले. तरी तेव्हा नेसलेलं धोतर न धुता टपालानं पाठवा, साहेब नळीत तपासतील. धुतलं आसंल, तर इमदादीचा शब्द कुठं काढू नका; साहेबांची नळी बंद पडलेलीच बरी.