घाबरलं की गोड

तांता, २० ऑगस्ट

लाडके इब्तिहाल,

सलाम, आणि डोक्यावरून मायेचा हात.

तुझ्या दोन्ही पुड्या पोचल्या. साखरेच्या जागी वापरायची पानं, तीही चिमूट चिमूट! हिशेब केला: प्रयोगशाळेतले तुझे सात महिने, रोपांच्या साठ काचेच्या बरण्या आणि आपल्या दोघांचा चार महिन्यांचा अबोला. एवढी महाग मिठाई आपल्या या रशवानच्या दुकानात आजवर झाली नाही.

"पानं उकळून कुणी हलवाई होत नाही," असं मी बोललो होतो. मागे घेतो. तरी चाखायला तू मलाच पाठवलीस, हे बरं केलंस. अख्ख्या तांतात या जिभेला तोड नाही. गोडवा मोजायचं तुझं यंत्र तापेपर्यंत मी निकाल सांगेन.

पैगंबरांच्या जन्माचा मौलिद दोन आठवड्यांवर आलाय. साखरेच्या बाहुल्या साच्यांतून निघताहेत, तुझी आई त्यांना कागदी पंखे चिकटवतेय. तिला तुझी चिठ्ठी वाचून दाखवली: एका पुडीतल्या पानांच्या रोपांना (कुठल्या, ते तू लपवलंस) तू औषध घालून फसवलंस, कीड आली असं त्यांना भासवलंस, म्हणजे धास्तीनं पानांतला गोडवा वाढावा.

"अगदी शेजारचा सबरी!" ती म्हणाली. "करवसुलीवाला दारात दिसला की कसा मधाळ बोलतो."

मी पोट धरून हसलो. मग तिनं माझ्या खांद्यावरून हे पत्र वाचलं.

"'लाडके' काय, 'मागे घेतो' काय! अहो, पोरगी हुशार आहे. तुम्ही कशाला घाबरलाय, ते विचारेल ना."

तर ऐक. हिवाळ्यातल्या त्या तापापासून पाक तुझी आईच चाखते. गिऱ्हाइकांसमोर चमचा मी तोंडात घालतो, ती गल्ल्यामागून डोळा मिचकावते, की मी मान डोलावतो. सबरीला अजून पत्ता नाही. डॉक्टर म्हणतात, चव येईलही परत. 'येईलही'तल्या त्या 'ही'नं माझी झोप उडवलीय.

बरण्या टाकून धावत येऊ नकोस. मौलिदला मात्र ये. बाहुलीचा पहिला तुकडा तू चाखायचास.

तुझ्या पुड्यांचा निकाल अंदाजानं ठोकून देणार होतो. पण तू तो वहीत उतरवशील, आणि तुझ्या वहीत माझं खोटं नको.

दुसरी पुडी जास्त गोड आहे, असं आई म्हणते. मला दोन्ही कागदासारख्या लागल्या.

तुझा,
बाबा