डाव्या कानाखालची गाठ

४ नोव्हें. अमरावती
सुईच्या तपासणीचा रिपोर्ट आला. कानाखालची गाठ साधी दिसतेय, कॅन्सर नाही. सुटले! तरी काढावी लागेल, ठेवली तर पुढे बिघडू शकते. ताईला फोन केला. "अकोल्याले ये, माह्या घरी राह्य. इथल्या डॉक्टरीणबाई चांगल्या हायेत."
शाळेत कोणाला बोलले नाही. माझ्या वर्गातल्या पोरींना ऐकू येत नाही, माझे ओठ बघूनच शिकतात. चेहऱ्याला काही झालं तर...

१० नोव्हें. अकोला
डॉक्टरांनी आपला पंजा माझ्या गालावर ठेवला. मनगट कानाशी, बोटं पसरलेली. "चेहऱ्याची नस अशी फाकते. कपाळ, डोळा, गाल, ओठ, मान. आणि जाते नेमकी लाळेच्या ग्रंथीतून. तुमची गाठ तिथंच आहे."
विचारलं, तुटली तर?
"म्हणून आधी नस शोधायची, मग गाठ काढायची. मी घाई करत नाही."
शाळेचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "खालच्या ओठाकडे जाणारी फांदी फार बारीक. ताण बसला तर काही महिने ओठ वाकडा राहू शकतो. खोटं नाही सांगणार."
भीती वाटली. पण बरंही वाटलं, खरं सांगितल्याचं.

१४ नोव्हें.
झालं ऑपरेशन. शुद्धीवर येते तोच डॉक्टर समोर. "डोळे घट्ट मिटा. गाल फुगवा. दात दाखवा." डोळा मिटला!! खालचा ओठ मात्र डावीकडे हलेना.
"नस शाबूत आहे, शेवटपर्यंत डोळ्यांसमोर होती. ताण बसलाय. हालचाल बहुतेक परत येईल."
हात जोडायचे होते, एकात सलाईन. एकच उचलला.

१७ नोव्हें. ताईकडे
वरण ओठातून गळतं. कानाची पाळी बधिर. ताई पदराने हनुवटी पुसते. "काहून रडून राहिली वं? गळते तं गळू दे, पुसाले मी हाओ ना." हिच्याशिवाय काय केलं असतं मी.

२ डिसें. अमरावती
गाठीचा शेवटचा रिपोर्टही चांगला. देवा!
शाळा सुरू. पोरी आधी हसल्या, मग घाबरल्या. 'ई' म्हणताना तोंड एका बाजूला ओढलं जातं. "भात" कळलं, "मीठ" कोणालाच नाही. दुसरीतली सना बाकावरून उठली, माझ्या उजवीकडे येऊन उभी राहिली. बघितलं. मग बाकीच्यांना हाताने बोलावलं. सगळा वर्ग उजवीकडे सरकला. फळ्याकडे तोंड करून डोळे पुसले.

९ जाने.
मालिश, आरशासमोरचे व्यायाम चालू. डॉ. फोनवर: अजून वाट पाहू, पूर्ण येईलच असं आज सांगता येत नाही. बरं.
मधल्या सुट्टीत सना जवळ आली, माझ्या ओठाच्या डाव्या कडेवर बोट ठेवलं. "हाल्लं," तिच्या जाड आवाजात. घरी येऊन कितीदा आरसा पाहिला. मला काही दिसलं नाही. पण ओठ बघण्यात या पोरीचा हात कोण धरणार?