अकरा ट्रेलर

४ डिसेंबर

चि. आर्डिस हिस नोर्बर्टचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

उद्या टँकरवाला डेल्मर आपल्या गोठ्यावर दूध न्यायला येईल, त्याच्याच हाती हे पत्र देतो आहे. फोनवर मला निम्मे ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्यावर आपण भांडतो.

तुझा कागद चार वेळा वाचला. मी आठवीपर्यंत शिकलेला माणूस. पण एवढे कळले की जानेवारी ते मार्चच्या दुधाचा भाव तू आताच ठरवून टाकणार, आणि निम्म्या गायी माझ्या नावावर आहेत म्हणून सही माझी हवी.

पोरी, भाव बांधला की काय होते ते मला विचार. तुझी आई होती तेव्हा मी शंभर पौंड दुधाला चौदा डॉलर बांधले आणि बाजार एकोणीसवर गेला. गुरांच्या खाद्याच्या गिरणीत कॉफीला बसलो की आपल्यासारखाच गायीवाला तो वेन्डेल अजून मला ‘चौदा’ म्हणूनच हाक मारतो. परत नाव ठेवून घ्यायचे माझे वय नाही.

शिवाय इथे गावात माझ्या खिडकीसमोरच चीजचा कारखाना आहे. आवारात यंत्र घरघरणारे थंड ट्रेलर उभे आहेत. गेल्या आठवड्यात चार होते, आज सात. धंदा जोरात आहे, भाव चढणार. सही करत नाही.

गोठ्यातले नळ गोठू देऊ नकोस. खोकला कसा आहे? रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझा बाप

७ डिसेंबर

ती. बाबांस आर्डिसचा सा. न. वि. वि.

नळ वाहते आहेत, खोकला गेला. आता खरी काळजी करा.

हे भाव बांधणे नाही, किमान भावाचा विमा आहे. बाजार चढला तर चढलेला भाव आपलाच. पडला तर कमी पडेल ते विमा भरून देतो. आपला जातो तो फक्त हप्ता. छप्पर घातले आणि पाऊस आला नाही, म्हणून कोणी रडत बसत नाही.

आणि पाऊस येणार असे दिसते आहे. देशभर गायी वाढल्या आहेत. सरकारी अहवालात चीजचा साठा सलग तिसऱ्या महिन्यात वाढला. शिकागोच्या बाजारात फेब्रुवारीच्या दुधाचा सौदा दोन आठवड्यांत दीड डॉलरने उतरला. तो उतरतो तसा विम्याचा भावही उतरतो. सोळाच्या खाली आपला मक्याचा खर्चसुद्धा निघत नाही. विमा नसेल तर एप्रिलपर्यंत गायी लिलावात उभ्या कराव्या लागतील.

दुसरी अडचण म्हणजे विम्याचा भाव दुपारी निघतो आणि दुसऱ्या सकाळी नऊला मरतो. डेल्मर येतो दिवसाआड. तुमची सही पोचेपर्यंत भाव शिळा झालेला असतो. म्हणून सोबत वेगळा कागद पाठवते. मी एकटीने सही करावी, असा तुमचा अधिकार मला द्या. बँकेतल्या नोटरी बाईसमोर सही करायची आहे. पंधराला सकाळी नऊला या तिमाहीच्या विम्याचे दार बंद होते.

ट्रेलरांबद्दल एकच विचारते. ते येतात तसे जातात का?

रागावले आहे, तरी तुमचीच,
आर्डिस

८ डिसेंबर

चि. आर्डिस हिस आशीर्वाद. वि. वि.

दुसरा कागद पाहून जेवण गेले नाही. त्यावर सही केली की मी जिवंत असून नसल्यासारखा. उद्या कुंपणही मला न विचारता हलवशील.

ट्रेलर आता नऊ झाले. दिवसभर खिडकीत बसलो, एकही जाताना दिसला नाही. पण जेवणानंतर माझा डोळा लागतो, खोटे कशाला सांगू. वेन्डेल म्हणतो ते उजाडायच्या आत जातात. त्याने वीस कालवडी घेतल्या. वर मला म्हणतो, चौदा, कर की सही, आम्हालाही तुझ्यासाठी नवा आकडा मिळेल.

तू म्हणतेस ते खरे असेल, तो म्हणतो तेही खरे असेल. आणखी थोडे थांबू. बापाला घाई करू नये.

नोर्बर्ट

११ डिसेंबर

ती. बाबांस सा. न.

आज भाव आणखी चाळीस सेंटांनी उतरला. परवाच्या गाडीत कागद आला नाही, तर त्यापुढची गाडी पंधराला दुपारी. तोवर नऊ वाजून गेलेले असतील.

आई गेली तेव्हा तुम्ही गोठ्याची किल्ली मला दिलीत आणि सही स्वतःकडे ठेवलीत. मी कधी मागितली नाही. आज मागते.

आर्डिस

१२ डिसेंबर

चि. आर्डिस हिस आशीर्वाद. वि. वि.

काल संध्याकाळपासून बर्फ पडला. सकाळी उजाडायच्या आत बूट घालून कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. पहारेकरी म्हणाला, आजोबा, काय हरवले? म्हटले, डोके.

ट्रेलर अकरा झाले आहेत. छपरांवर वीतभर बर्फ, आणि एकाच्याही चाकापुढे खूण नाही. दुधाच्या टाक्यांच्या गाड्या मात्र आत गेल्याच्या आणि बाहेर आल्याच्या खुणा ताज्या. दूध आत जाते आहे, चीज बाहेर पडत नाही. गोदाम भरले म्हणून माल अंगणात ठेवला आहे. मी त्याला भरभराट समजत होतो.

बँक उघडताच सही केली. त्या बाईने मारलेला शिक्का चष्मा लावून दोनदा तपासला. कागद सोबत आहे. डेल्मरला तो टोपीत ठेवायला सांगितले आहे. टोपी तो झोपतानाही काढत नाही.

पोचला की कळव. माझ्यावर लोभ ठेव, सही नसली तरी.

तुझा बाप

४ मार्च

चि. आर्डिस हिस आशीर्वाद. वि. वि.

फेब्रुवारीचा भाव पंधरा साठ लागला, असे रेडिओवर ऐकले. तू शेवटच्या दिवशी सतरा वीसला विमा घेतलास म्हणून आपल्या गायी गोठ्यात आहेत. वेन्डेलच्या कालवडी लिलावाला गेल्या. तो आता मला कुठलाच आकडा म्हणत नाही, कपात बघत बसतो. मला ते बरे वाटले नाही. माझा डोनट त्याच्यापुढे सरकवला, तर म्हणाला, चौदा, हा शिळा आहे. मग बरे वाटले.

आता मुद्द्याचे. आज सकाळी दोन ट्रेलर गेले. चष्मा लावून पाहिले. चिखलात चाकांच्या खुणा बाहेरच्या दिशेने आहेत. मी आता जेवणानंतर झोपत नाही. कॉफीवर कोणाला बोललो नाही, आधी तुला लिहितो आहे.

माल हलू लागला म्हणजे भाव फिरेल; पुढच्या तिमाहीच्या विम्याचे तुला काय करायचे ते कर, मला विचारू नकोस. केल्यावर मात्र लगेच कळव.

नऊ उरले आहेत.

नोर्बर्ट