गवळ्यांच्या थडग्यांवरचं बिऱ्हाड

माघ शु. ३
शाळेत आज पुन्हा उंदीर मरून पडलेले. प्लेगच. तहसिलीचा हुकूम, उद्या गाव खाली करा. पाटलांनी आम्हाला माळावर जागा दिली, लोक गवळ्यांची म्हणतात त्या जुन्या थडग्यांत. दगडांची रिंगणं, मध्ये मातीचे उंचवटे. कोणत्या काळातली माणसं पुरलीत, कुणास ठाऊक. दुसरीकडे जागाच उरली नव्हती. पाटील म्हणाले, "मास्तर काय भुताला भेत न्हाई." मीही हसलो.

माघ शु. ५
झोपडीची मेढ रोवायला खणलं, तर मडकं. काळं-तांबडं. आत हाडं. सौ. पाणी आणायला गेलेली. घाईनं माती लोटली, मेढ बाजूला रोवली. कुणाला बोललो नाही.

माघ शु. ६
सौ.नं चुलीला दगड रिंगणातलेच आणलेत. पाटलांच्या म्हाताऱ्या आईनं ते पाहिले नि ओरडली, "मेलेल्याची दगडं काहून हलवली, मास्तर? लेकरू हाय घरात!" दगड तो दगड, म्हणालो.

माघ शु. ९
गोदीला ताप. एकुलती पोर. डोळे लाल, उठवत नाही. तहसिलीचा शिपाई झोपड्या तपासत फिरतो, काख-जांघ चाचपतो. गाठ लागली की ओढ्यापलीकडच्या छपरात. परवा लोहाराचा पोरगा नेला. त्याची आई ओढ्याच्या अलीकडे बसून हाका मारत होती. आज ओ आली नाही.

माघ शु. १०
सौ.ला मडक्याचं सांगून टाकलं. वाटलं, आता माझी खैर नाही. तर बाईचा चेहरा उजळला! "म्हंजे बाहेरचं हाय! बाहेरचंच असू दे, देवा. त्याला उतारा तरी हाय."
दगड जागच्या जागी ठेवले. नारळ, दहीभात. भूत नसतं म्हणून पोरांना छड्या मारणारा मी थडग्यापुढं पालथा पडलो. भूत असू दे, म्हणालो. मनापासून म्हणालो.

माघ शु. ११
ताप तसाच. गोदी डावा हात अंगाला लागू देत नाही. सौ. म्हणते, "तुमी बघा काख." मी म्हणतो, तू बघ. कुणीच बघत नाही. फार भीती वाटते.
म्हातारी म्हणाली, "थडगं लई जुनं हाय, नारळावर भागायचं न्हाई. कोंबडं द्या." निघालोच आहे. शिपाई खालच्या झोपड्यांपर्यंत आलाय. त्याच्या आधी कोंबडं मिळालं पाहिजे.