अकोल्याहून आलेला अंगारा

अमरावती, भर मे महिना

रा. रा. खुशालराव इवाईबुवा यांना व्याही भगवंतरावाचा दोन्ही हात जोडून रामराम.

तुमची प्रकृती ठणठणीत असेल, विहीणबाईंचे गुडघे देवदर्शनापुरते तरी वाकत असतील आणि अकोल्याचं ऊन आमच्याहून एका अंशाने जास्त असल्याचा तुमचा अभिमान शाबूत असेल, अशी आशा करतो. इकडे सगळं ठीक. फक्त मी चार दिवसांपासून घरभर येरझारा घालतो आहे. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की तुमची आठवण येते, म्हणून हे पत्र.

तुम्ही आरतीसाठी धाडलेली आंब्याची पेटी पोचली. (पोरीला सातवा महिना लागताच बापाला आंबे आठवले, याचं आमच्या सौ. सीमाला फार कौतुक.) फोनवर तुम्ही म्हणालात, "घरच्या झाडाचे हायेत भाऊ, तणसात घालून पिकवले, बिनधास्त खा." वर दोन बोटं तणसाच्या काड्या होत्याही. आंबे मात्र असे एकसारखे पिवळे, जणू एकाच ठाणातून फाडलेलं कापड. एका झाडावर एवढं एकमत मी प्रथमच पाहिलं. आमच्या सोसायटीत सात माणसांचं होत नाही. तिसऱ्या दिवशी पेटीच्या तळाशी कागदाची पुडी निघाली, आत राखाडी भुकटी. आता विहीणबाईंच्या तडाख्यातून वऱ्हाडातला एकही देव सुटलेला नाही आणि तुमच्याकडच्या प्रत्येक डब्यातून कुठला तरी अंगारा निघतोच (मागे लोणच्याच्या बरणीतून निघाला होता). सीमाने पुडी कपाळाला लावली (न उघडता, हे नशीब) आणि देव्हाऱ्यात ठेवली. सकाळी पूजेला बसल्यावर त्यातली चिमूट वाटीभर पाण्यात टाकली, आरतीला पाजायला. वाटी फसफसली. शेजारच्या निरांजनाने भप्पकन जीभ काढली. सीमाने हात जोडले, "माय वं, केवढं जागृत देवस्थान हाय!" आणि वाटी सुनेच्या हातात दिली.

तेवढ्यात शेजारचे महादेवराव पेपर मागायला आले. (पेपर विकत न घेण्याच्या त्यांच्या सवयीला मी वीस वर्षं नावं ठेवली, सगळी परत घेतो.) त्यांची हयात गॅस वेल्डिंगमध्ये गेली. दारातच त्यांनी नाक वर केलं, "ठेव पोरी ते खाली! वैनी, काय पाजून राहिल्या तिले? कार्बाइड होय हे! आमी याच्या गॅसवर लोखंड जोडत होतो." फळं पिकवायला याच्यावर बंदी आहे, त्यात आर्सेनिकचा अंश असतो, पोट, घसा, डोकं कशालाच ते सोडत नाही, हेही त्यांनी पेपर न वाचता सांगितलं. आरती रडली नाही. वाटी खाली ठेवून एवढंच म्हणाली, "बाबा तर म्हणाले होते, घरचे हायेत."

हे वाक्य मला बसू देत नाही, इवाई. तुमच्यावर मी आळ घेत नाही. पुडी झाडालाच लागली असेल. फक्त देवस्थानाचं नाव कळवा.

आपला,
भगवंतराव

ता. क. आरतीला हल्ली आंब्याचा वासही सोसत नाही, त्यामुळे तिने एकही खाल्ला नाही. पेटीचा तळ कोणी गाठला ते विचारू नका. फोनऐवजी पत्र का, तर माझं तोंड आलं आहे आणि डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे. (सीमा त्यांना दुवा देते आहे.)

ता. क. २ रविवारी आमचा किशोर आरतीला बाळंतपणासाठी तुमच्याकडे पोचवेल. सोबत पोतंभर तणस देतो आहे. आंबे बाजारातले आणा, पण कच्चे आणा आणि तिच्या डोळ्यांदेखत पिकवा. आठ दिवस लागले तर लागू द्या. नातवालाही नऊ महिने लागताहेत, त्याच्याजवळ कुणी पुडी ठेवली नाही.

ता. क. ३ दर हिवाळ्यात तुम्हाला येणारी 'आमच्या वरूडच्या बागेतली' संत्री. ती बाग मी फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिली आहे. काल आरतीला सांगून टाकलं. आता तुमची पाळी.